मामांची जनावरं भिंतीवर कशी लावावीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे मामा शिल्पकार होते. आयुष्यभर गावोगावचे पुतळे केले, त्यांत अश्वारूढ पुतळे बरेच. ते गेल्यावर स्टुडिओतल्या ट्रंकेत कागदांचा ढीग सापडला. त्यात माणसं फारशी नाहीत; म्हशी, शेळ्या, कुत्री, घोडे, थोडे कावळे. पेन्सिल आणि बॉलपेन जास्त, काही चारकोल, दोन शिवलेली स्केचबुकं, आणि वीसेक छापलेली चित्रं. त्यांतली काही लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून छापलेली) असावीत आणि काही एचिंग (ॲसिडनं खोदलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेली), असा तुमचा अंदाज. सोबत जस्ताच्या चार प्लेटा. गावातलं कलादालन चार दिवस मिळतंय. एक नातेवाईक म्हणतात, पुतळ्यांचे मोठे फोटो लावा आणि मधेमधे ही रेखाटनं पेरा. फ्रेमवाला म्हणतो, सगळं लॅमिनेट करू, स्वस्तात पडेल. किती लावायची, कशी लावायची आणि विकायची का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

लॅमिनेशनचं उत्तर ताबडतोब देऊन टाकतो: अजिबात नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक कागदावरून सुखरूप निघत नाही. चारकोल त्याच प्लास्टिकला चिकटून जातो, आणि एचिंगच्या कागदावर प्लेटच्या दाबाचा जो उठाव असतो तो सपाट होतो. फ्रेमवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. हे कागद नेमके कसले आहेत? पुतळ्याआधीची तयारी, की पुतळ्यांशी संबंध नसलेलं, मामांनी स्वतःपुरतं केलेलं काम? फोटोंच्या मधेमधे पेरण्याचा सल्ला पहिली शक्यता गृहीत धरतो: पुतळा हे मुख्य ताट आणि कागद ही लोणची-कोशिंबीर. मी स्वतः मुद्राचित्रकार, म्हणजे अशी छापाची चित्रं करणारा, आहे आणि इतरांच्या कागदावरच्या कामांची प्रदर्शनं मांडण्यात बराच काळ गेलाय. माझा अनुभव असा की शिल्पकारांच्या जनावरांच्या कागदांत दोन्ही प्रकार एकत्र मिसळलेले असतात, आणि ते वेगळे न करता लावले की दोन्हींचं नुकसान होतं. मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत. त्यामुळे निवाडा देत नाही. निवडताना काय पाहायचं तेवढं सांगतो.

त्यासाठी एक नावाजलेलं उदाहरण घेऊ. हेन्री मूर हा इंग्रज शिल्पकार, 1898 ते 1986. भल्यामोठ्या आडव्या पहुडलेल्या आकृतींसाठी जगभर ओळखला जातो. हर्टफर्डशरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात त्याचं घर आणि स्टुडिओ होते. 1972 साली फ्लोरेन्सच्या बेल्व्हेडेर किल्ल्यावर त्याचं मोठं प्रदर्शन ठरलं, आणि पाठवणीसाठी शिल्पांची बांधाबांध सुरू झाली. मोठ्या स्टुडिओंत खोकी, हातोड्यांचे आवाज, माणसांची ये-जा. तिथं काम होईना. म्हणून तो एका छोट्या स्टुडिओत जाऊन बसला. तिथल्या खिडकीतून कुरण दिसायचं, आणि कुरणात मेंढ्या चरायच्या. समोर जे होतं ते त्यानं काढायला घेतलं, तेही साध्या बॉलपेननं. सुरुवातीला त्याला मेंढी म्हणजे लोकरीचा गोळा, एक डोकं आणि चार पाय एवढंच दिसत होतं. काढता काढता लोकरीच्या आतलं शरीर कळू लागलं, प्रत्येकीची ढब वेगळी दिसू लागली. खिडकीच्या काचेवर तो टकटक करायचा, मेंढ्या थबकून बघत राहायच्या, आणि तेवढ्यात त्याचं रेखाटन व्हायचं. पुढे लोकर कातरल्यावरच्या मेंढ्याही त्यानं काढल्या, आणि याच विषयावर एचिंग्ज केली.

आता गंमत पाहा. त्याच सुमाराचं, 1971-72 चं, त्याचं ‘शीप पीस’ नावाचं ब्रॉन्झ पेरी ग्रीनच्या कुरणात उभं आहे. खऱ्या मेंढ्या त्याच्या आडोशाला बसतात. ते शिल्प मेंढीसारखं दिसत नाही. दोन मोठे अमूर्त आकार एकमेकांना लगटून आहेत. म्हणजे वहीतल्या मेंढ्यांमधून एखादी निवडून तिचं ब्रॉन्झ केलं, असा हिशेब इथे लागतच नाही. वही वहीच्या जागी पूर्ण आहे. तिचा शिल्पाशी संबंध आहे, पण तो खोलवरचा: मोठ्या अंगाखाली लहान अंग, आई आणि कोकरू, हा मूरचा जन्मभराचा विषय मेंढीच्या पोटाखाली शिरलेल्या कोकरात त्याला आयता सापडला. वहीच्या शेजारी ‘शीप पीस’चा मोठा फोटो लावला, तर येणारा माणूस ‘यातली कुठली मेंढी ती?’ एवढंच शोधत राहील.

मूरच्या रेषेकडे जरा जवळून बघा, कारण मामांचे कागद निवडताना तेच उपयोगी पडणार आहे. मेंढीच्या अंगावरची रेषा गुंतवळासारखी आहे. वरवर पाहिलं तर गिरगटा. पण बॉलपेन कुठे फिरलंय ते नजरेनं धरून चाललं की लक्षात येतं, रेषा कडेवरून धावत नाही. ती पाठीवरून चढून बरगड्यांच्या गोलाईवरून पोटाखाली उतरते. मूरच्या इतर रेखाटनांतही आकाराला उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी वेढणाऱ्या रेषा येतात. नुसती छाया न देता त्यानं गोलाई दाखवलेली असते. मातीवर काम करणाऱ्याचा हात असाच फिरतो. आम्ही कागदवाले प्रकाश कुठून येतोय ते आधी बघतो. शिल्पकाराला आधी वस्तू पलीकडून कशी आहे ते हवं असतं.

तेव्हा पहिलं काम हे: जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा, हात धुऊन कोरडे करा आणि सगळे कागद मांडा. प्राण्यांप्रमाणे वर्गवारी करू नका. सगळ्या म्हशी एका भिंतीवर, सगळे घोडे दुसऱ्या भिंतीवर, हे सर्वांना सुचतं आणि त्यातून शाळेतला तक्ता तयार होतो. मामांचा हात त्या कागदावर काय विचारत होता, त्यावरून ढीग लावा.

एका ढिगात मापांचे कागद जातील. अश्वारूढ पुतळे करणाऱ्याकडे हे असणारच. घोड्याच्या खुरापासून खांद्यापर्यंतचे आकडे, पायाचा कोन, आतल्या लोखंडी सांगाड्याच्या खुणा, कडेला ओतकामाचा हिशेब, एखादा फोन नंबर. (नंबर कुणाचा असेल तर प्रदर्शनात तो झाकला जाईल असं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापा.) हे कागद कमी लेखू नका. पॅरिसचा आंत्वान-लुई बारी, 1795 ते 1875, हा प्राणीशिल्पांचा मोठा उस्ताद. तो तिथल्या सरकारी प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत जनावरं पाहायचा आणि मेलेल्या जनावरांची मापं घ्यायचा. चित्रकार दलाक्रुवाबरोबर त्यानं मेलेल्या सिंहाचा अभ्यास केलेला आहे. 1854 पासून तो तिथल्याच निसर्गविज्ञान संग्रहालयात प्राण्यांचं रेखाटन शिकवत होता, आणि पुढे शिल्पकार म्हणून नावाजलेला रोदँ तरुणपणी त्याच्याकडे जायचा. पण याच बारीनं जलरंगात वाघ-सिंह रंगवले, आणि पॅरिसजवळच्या फॉन्टेनब्लोच्या जंगलातले खडक पाहून ते त्यांच्या मागे उभे केले. मापांच्या कागदाशी त्या चित्रांचं काही देणंघेणं नाही. एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही होतं.

दुसरा ढीग झटपट रेषेचा. जनावर हलतंय, पेन्सिल उचलायला वेळ नाही. इथे मला हमखास आँरी गोदिए-ब्रझेस्का आठवतो. हा फ्रेंच पोरगा, शिल्पकार, 1911 मध्ये लंडनला आला. दगड विकत घ्यायला खिशात पैसे नसायचे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणि रिचमंड पार्कात जाऊन हरणं, पक्षी, वाघ काढायचा. एका सलग रेषेत आख्खं जनावर. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला तेव्हा वय अवघं 23. केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलादालनात त्याचं बरंच काम आज पाहायला मिळतं. त्याच्या रेखाटनांत पाय अर्धवट सुटलेले असतात, कधी डोळाच नसतो, पण जनावर पुढच्या क्षणाला कुठे वळणार ते कळतं. तुमच्या ढिगात असे कागद निघाले तर ‘अपुरं आहे’ म्हणून बाजूला टाकू नका. माझ्या मते प्रदर्शनाचा जीव बहुधा यांच्यातच असेल. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेची मुलं पिढ्यान्‌पिढ्या राणीच्या बागेत स्केचिंगला जातात. मामा जे.जे.त शिकले असतील तर ही सवय तिथली असण्याची शक्यता आहे. कागदांच्या मागे तारीख किंवा जागा लिहिलेली आहे का, ते बघा.

तिसऱ्या ढिगात सावकाश, एकाच जनावराभोवती फिरून काढलेली रेखाटनं. तीच म्हैस बाजूनं, मागून, वरून. हा खास शिल्पकाराचा नाद. असा संच निघाला तर तो फोडू नका, ओळीनं लावा.

मामांच्या घोड्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. आपल्याकडे अश्वारूढ पुतळ्याचा घोडा गिऱ्हाइकाचा असतो. समिती येते, क्ले मॉडेल बघते, पाय उचला म्हणते, मान अजून वर म्हणते. ट्रंकेतले घोडे मात्र कुणी पास करायचे नव्हते. त्यांवर खोगीर आहे का? लगाम आहे का? एलिझाबेथ फ्रिंक ही इंग्रज शिल्पकार, 1930 ते 1993. तिनं घोडे आणि घोडेस्वार आयुष्यभर काढले, छापले आणि ब्रॉन्झमध्ये केले. 1960 च्या दशकाच्या शेवटी ती दक्षिण फ्रान्सला राहायला गेली, आणि त्या भागातल्या कामार्गच्या घोड्यांचा तिच्या कामावर परिणाम झाला. तिच्या 1974 च्या ‘हॉर्स अँड रायडर’मध्ये स्वार उघडा आहे, ना खोगीर, ना लगाम. पुतळ्यांच्या परंपरेत स्वार घोड्याला ताब्यात ठेवतो, तिच्याकडे दोघं नुसते सोबत असतात. मामांचे खाजगी घोडे बिनखोगिराचे निघाले, तर ती तुमच्या प्रदर्शनातली सर्वांत बोलकी भिंत होईल. गावानं त्यांचा एक घोडा चौकात रोज पाहिलेला आहे. हे दुसरे घोडे कुणी पाहिलेले नाहीत.

असं दुहेरी आयुष्य जगणारे मामा एकटे नव्हेत. विनायक पांडुरंग करमरकरांनी पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, 1928 सालचा. तो सर्वांना ठाऊक असतो. पण अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी जाऊन या. घराचंच संग्रहालय झालंय, आणि तिथली म्हैस पाहिल्यावर पुतळ्यांच्या ऑर्डरी संपल्यावर हा माणूस हातांना काय खाऊ घालत होता ते समजतं. बी. विठ्ठल यांचं शिक्षण शिल्पाचं. बैल त्यांनी ब्रॉन्झमध्येही केला आणि कॅनव्हासवरही. ज्याच्या हाताला माती लागलीय त्याचा बैल रंगातही वजनदार होतो.

आता छापलेल्या चित्रांकडे येतो, कारण हा माझा प्रांत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आधी कुठलं चित्र कशानं छापलंय ते ओळखा. कागद खिडकीशी तिरक्या उजेडात धरा. चित्राभोवती चौकोनी दाबाची खूण, जणू कागद आत बसलाय, आणि काळ्या रेषा किंचित उठून आल्यात, तर ते एचिंग किंवा ड्रायपॉइंट. ड्रायपॉइंटची रेषा मखमली, कडेला पसरल्यासारखी असते, कारण सुईनं ओरखडल्यावर धातूचा जो कंगोरा वर येतो त्यात शाई अडकते. तो कंगोरा थोड्याच छापांत झिजतो, म्हणून सुरुवातीचे छाप मोलाचे. लिनोकटमध्ये उलट; काळे पट्टे सपाट, पांढऱ्या जागेत कुठे कुठे कोरणीचे चुकार ओरखडे, आणि पाठ चमच्यानं घासून छापलं असेल तर कागदाच्या मागे गुळगुळीत चकाकी. हे सगळं डोळ्यांनी. बोट लावायचं नाही.

दुसरी खूण: छापल्यावर चित्र उलटं होतं. छापलेली म्हैस डावीकडे बघत असेल आणि ट्रंकेत तीच म्हैस उजवीकडे बघणारी सापडली, तर ते रेखाटन त्या छापाचं मूळ असण्याची दाट शक्यता आहे. अशा जोड्या शोधा आणि शेजारी शेजारी लावा. सामान्य प्रेक्षकाला मुद्राचित्र म्हणजे काय हे भाषणापेक्षा अशा एका जोडीतून लवकर कळतं. चार प्लेटांपैकी एखादी त्याच भिंतीवर काचेखाली ठेवली तर उत्तमच.

शिल्पकार एचिंगकडे का वळतो, हे लोक विचारतील. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईनं रेषा, मग ॲसिडनं खोदाई: यात काढण्याइतकंच कोरणंही असतं. हात ओळखीच्या कामावर येतो. मूरला त्याचे मित्र, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांनी हत्तीची कवटी दिली होती. त्या एका कवटीवरून मूरनं 28 एचिंग्जचा अल्बम केला, 1970 मध्ये. त्यात हत्ती कुठेच नाही. कवटीच्या पोकळ्या गुहा होतात, कमानी होतात, बोगदे होतात. आणि आपल्याकडे मुद्राचित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर, 1921 ते 2006. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या ‘जखमा’ मालिकेत त्यांनी माती-मेणाच्या पत्र्यावर घाव घातले, त्याचा सिमेंटचा साचा केला आणि त्यात कागदाचा लगदा दाबला. शाई जवळजवळ नाहीच; पांढऱ्यावर पांढरं. छाप म्हणावं की शिल्प, असा प्रश्न पडतो. त्याच दशकात ते ब्रॉन्झकडे वळले. त्यांची हडकुळी माणसं आणि जनावरं त्याच जखमांतून चालत आल्यासारखी वाटतात.

छापांच्या खाली पेन्सिलनं 3/15 असं काही लिहिलंय का पाहा. म्हणजे पंधरा छापांतला तिसरा. ‘ए. पी.’ असेल तर कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. काहीच लिहिलेलं नसेल तर नसू द्या. मामांच्या वतीनं सही करू नका, आकडे घालू नका. मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं तुमचा यादी क्रमांक तेवढा लिहा आणि त्या क्रमांकाची वही करा: माप, माध्यम, कागदावर काय लिहिलंय, कुठे डाग आहे. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे कोणीही विचारलं तरी हीच वही उघडावी लागेल.

इथवरचं थोडक्यात: लॅमिनेशन नाही, प्राण्यांवार वर्गवारी नाही, मापं-झटपट-सावकाश-छाप असे ढीग, जोड्या आणि संच अभंग. आता भिंत.

किती लावायची हे दालनावर ठरेल, पण सगळी लावण्याचा मोह होईल आणि तो आवरा. मध्यम आकाराच्या एका खोलीत तीस-चाळीस कागद पुरे. त्याहून जास्त झाले की लोक चालायला लागतात, बघायचं थांबवतात. चित्रांचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास. लहान कागद एकमेकांना जवळ चालतील. मोठ्या चारकोलला मोकळी जागा द्या. स्केचबुकांची पानं कृपा करून फाडू नका. काचेच्या पेटीत वही उघडी ठेवा, कणा ताणणार नाही असा खाली आधार द्या, रोज सकाळी पान बदला, आणि बाकी पानं स्कॅन करून शेजारी पडद्यावर फिरवा. चार दिवसांत चार पानं. परत येणाऱ्याला काही नवं मिळेल.

फ्रेमबद्दल फ्रेमवाल्याशी थोडी हुज्जत घालावी लागेल. माउंट बोर्ड आम्लविरहित मागा; नेहमीच्या स्वस्त बोर्डामुळे काही वर्षांत कागदावर तपकिरी चौकट उमटते. कागद माउंटला चिकटवायचा तो फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं, म्हणजे उद्या पाण्यानं सोडवता येईल. सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, मागून पूर्ण चिकटवणं नाही. काच कागदाला टेकता कामा नये. माउंटची जाडी तेवढं अंतर ठेवते. चारकोलच्या चित्रांना ॲक्रिलिक शीट घालू नका, साधी काच घाला. ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज साचते आणि ती चारकोलची भुकटी कागदावरून ओढून घेते. पैसे कमी असतील तर सगळ्या फ्रेमा एक-दोन मापांच्याच करा आणि माउंटची खिडकी फक्त वेगवेगळी कापा. फ्रेमा पुढच्या वेळी परत वापरता येतात.

उजेडाचं मात्र गांभीर्यानं घ्या, कारण तुमच्याकडे बॉलपेन जास्त आहे. बॉलपेनची शाई बहुधा रंजकाची असते आणि उजेडात लवकर विटते. पेन्सिल आणि छपाईची काळी शाई त्या मानानं दणकट. संग्रहालयं कागदावरच्या कामांवर साधारण 50 लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. चार दिवसांच्या प्रदर्शनात तुम्ही थोडे सैल राहिलात तर आकाश कोसळणार नाही, कारण नुकसान उजेडाच्या तीव्रतेइतकंच वेळावर अवलंबून असतं. पण खिडकीतून थेट ऊन नको, पिवळे तापणारे स्पॉटलाइट नकोत, आणि नंतर बॉलपेनची चित्रं दिवाणखान्यात कायमची टांगणं नको. घरात लावायला चांगलं स्कॅन छापून घ्या. तारीख पावसाळ्यातली मिळत असेल तर नाकारा. दमट भिंतीवर काचेच्या आत बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. ट्रंकही आता रिकामी करा. लोखंडाचा गंज आणि कसर दोन्ही कागदाचे वैरी.

पुतळ्यांचे फोटो अजिबात लावू नका असं मी म्हणत नाही. दाराजवळच्या एका छोट्या भिंतीवर मामांची ओळख, दोन-तीन पुतळ्यांचे हाताएवढे फोटो, आणि मापांचे कागद. तिथे त्यांची संगत बरोबर बसते. तिथून आत वळल्यावर फक्त जनावरं. लहानसं एखादं मातीचं किंवा प्लास्टरचं जनावर शिल्लक असेल तर खोलीच्या मधोमध ठेवा, भोवती फिरता येईल असं. भिंतीवरची फिरून काढलेली म्हैस आपोआप उलगडेल. चित्रांखालच्या चिठ्ठ्यांत विशेषणं नकोत. ‘म्हैस, बॉलपेन, कागदाची मापं, साल माहीत असल्यास साल’ एवढं पुरे. मामांच्या हाताखाली मूस ओतणारे, माती मळणारे कोणी कारागीर हयात असतील तर त्यांना उद्घाटनाआधी एकदा खोलीत आणा. कुठली म्हैस कुणाच्या गोठ्यातली, हे त्यांच्याकडूनच कळेल, आणि त्या चिठ्ठ्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या होतील.

विक्रीचं शेवटी ठेवलं, कारण तिथे तुमचं माझ्याशी पटेलच असं नाही. तुम्ही भाचे आहात. कागद आणि त्यांवरचा कॉपीराइट, मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर, त्यांच्या कायदेशीर वारसांकडे जातो. म्हणजे मामी असतील तर मामी, मामेभावंडं. आपल्या कायद्यात कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे कॅलेंडर किंवा पोस्टकार्डं छापायची असतील तरी त्यांची लेखी संमती घ्या. प्रदर्शनासाठीही घ्या, घरातलं माणूस म्हणून ती टाळली जाते आणि मग दहा वर्षांनी त्यावरून घरं तुटतात.

रेखाटनं आणि स्केचबुकं या वेळी विकू नका असं मी सांगेन. एकदा यादी झाली, लोकांनी पाहिलं, एखाद्या जाणकारानं लिहिलं, की मग ठरवा. ज्या छापांच्या दोन-तीन प्रती आहेत त्यांतली एकेक विकायला हरकत नाही. फ्रेमांचा खर्च त्यातून कदाचित निघेल. चार प्लेटांवरून नवे छाप काढून विकू, असं कोणी ना कोणी सुचवेलच. काढता येतात. पण मग प्रत्येक छापावर ‘मरणोत्तर छाप’ आणि साल स्पष्ट लिहा, संख्या आधीच ठरवा, आणि मामांच्या हातच्या छापांच्या शेजारी तेच भाव लावू नका. जस्त गंजलेलं असेल तर घासूनपुसून चकचकीत करण्याच्या भानगडीत पडू नका. मेणाचा पातळ हात देऊन कोरड्या कागदात गुंडाळा.

शंका वाटेल त्या छापांचे फोटो इथेच टाका. फ्लॅश नको, खिडकीशी बाजूच्या उजेडात काढा, एक पुढून, एक मागून, आणि एक कोपऱ्याचा अगदी जवळून.